खालच्या थराला विचारून

उकळून निवत आलेल्या दुधावर साय धरते आणि पातेल्याला जरासा धक्का लागला की ती सबंध साय एकाच वेळी सुरकुतते. असेच काही मोटारीच्या बॉनेटवर घडू शकते, हे मी आठ वर्षांपूर्वी एका रविवारी जळगावातील आमच्या गच्चीवर पाहिले. मोटार जेमतेम सतरा सेंटिमीटर लांबीची होती. एकास चोवीस प्रमाणातील, १९६६ सालच्या फोक्सवॅगन बीटलचा तो तामिया कंपनीचा संच मी तीन महिने जपून जोडला होता. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला आकाशी इनॅमल, म्हणजे तेलाचा, रंग तिला दिला होता, तीन दिवस वाळू दिला होता आणि बोट टेकवून पाहिले तर ठसा उमटत नव्हता. मग मोटारींच्या रंगांच्या दुकानातून आणलेला पारदर्शक लॅकरचा स्प्रे मी तिच्यावर मारला. पहिले दहा-पंधरा सेकंद बॉनेट आरशासारखे चकाकले आणि नंतर माझ्या डोळ्यांदेखत कडेपासून मध्यापर्यंत सुरकुत्यांची जाळी पसरत गेली.

त्या दिवशी माझी समजूत अशी झाली की दोनपैकी एक रंग बनावट असावा. प्रत्यक्षात दोन्ही रंग उत्तम होते आणि आजही मी दोन्ही वापरतो; फक्त एकावर एक या क्रमाने वापरत नाही. छोट्या मोटारींच्या छंदात जोडकामापेक्षा रंगकाम अवघड असते आणि रंगकामातही शेवटचा पारदर्शक हात, ज्याला सगळे क्लिअर कोट म्हणतात, तो सर्वांत जोखमीचा असतो, कारण तो चुकला तर त्याच्याखालचे सगळे श्रम वाया जातात. या छंदात नव्याने येणारा माणूस ‘कोणत्या कंपनीचा क्लिअर चांगला’ असे विचारतो. मीही तेच विचारत असे. विचारायचे असते ते वेगळेच: खाली जो थर आहे तो कशाने वाळलेला आहे, पूर्ण वाळलेला आहे का, आणि वर येणारे द्रावक, म्हणजे रंग पातळ ठेवणारे थिनर, त्याला सोसवेल का.

हे मला प्रथम समजावले ते अजिंठा चौफुलीकडच्या गॅरेजांच्या ओळीत खऱ्या मोटारी रंगवणाऱ्या एका मिस्त्रींनी. ते मूळचे पारोळा तालुक्यातले, बोलणे अहिराणी. मी खोक्यातून बीटलची बॉडी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेण्याऐवजी नाकाजवळ नेली, सुरकुतलेल्या बॉनेटचा दीर्घ वास घेतला आणि म्हणाले, “वास येस ना भाऊ, मंग आजून कच्चाच शे.” तीन दिवस झाले आहेत, असे मी सांगितले. त्यावर त्यांनी तेलाच्या रंगाला तीन दिवस म्हणजे काहीच नाही, आणि तेलाच्या रंगावर ड्यूको, म्हणजे लॅकर, कधीच मारायचा नाही, एवढेच सांगितले आणि ते आपल्या कामाला लागले. कच्चा आणि पक्का हे दोन शब्द घेऊन मी घरी आलो. केळीच्या मुलखात वाढलेल्या माणसाला त्यांचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. घाईने पिकवलेला घड बाहेरून पिवळाधमक दिसतो आणि साल सोलल्यावर आतला गर दाताला घट्ट लागतो.

रंग ‘वाळणे’ हा एकच शब्द आपण निदान चार निरनिराळ्या घटनांसाठी वापरतो आणि बहुतेक घोटाळा तिथूनच सुरू होतो. लॅकर वाळतो म्हणजे त्यातील द्रावक उडून जाते आणि थर बनवणारी राळ मागे उरते, याखेरीज दुसरे काही होत नाही. पुन्हा तेच द्रावक मिळाले तर तो थर पुन्हा विरघळतो. नेलपॉलिशवर रिमूव्हरचा बोळा फिरवताना प्रत्येक घरात हे रसायन दिसत असते. इनॅमल वाळतो तो मात्र दोन टप्प्यांत. आधी टर्पेंटाइन उडते आणि थर हाताला कोरडा लागतो. त्यानंतर खरी क्रिया सुरू होते. त्यातील तेलाचे रेणू हवेतील प्राणवायू घेऊन एकमेकांना जोडले जातात आणि त्यांचे जाळे बनते. तेलाच्या बरणीच्या तोंडाशी किंवा स्वयंपाकघरातल्या पंख्याच्या पात्यावर बसलेले तेल आधी चिकट, मग चिवट आणि शेवटी नखाने खरवडावे लागेल इतके टणक होते, ती हीच क्रिया. ती दिवसांत नव्हे, आठवड्यांत पूर्ण होते आणि वरून खाली होते, कारण प्राणवायू वरूनच येतो.

म्हणून माझ्या बीटलच्या बॉनेटवर जे घडले ते असे असणार. इनॅमलची वरची त्वचा जाळे धरून बसली होती आणि खालचा भाग अजून मऊ होता. लॅकरमधील तीव्र द्रावक त्या त्वचेतून आत शिरले. जाळे विरघळू शकत नाही, ते फक्त द्रावक पिऊन फुगते. फुगलेल्या थराला बाजूला सरकायला जागा नसते, म्हणून तो वर उचलला जातो आणि दुमडतो. इनॅमलच्या पुष्कळ स्प्रेच्या डब्यांवर ‘दुसरा हात एका तासाच्या आत किंवा अठ्ठेचाळीस तासांनंतर’ अशा अर्थाची सूचना असते. ती मला पूर्वी अनाकलनीय वाटे. लवकर चालते, उशिरा चालते आणि मध्येच का चालत नाही? पहिल्या तासात त्वचाच धरलेली नसते, त्यामुळे दोन्ही हात एकमेकांत मिसळून एकच थर बनतो. पुरेशा काळानंतर जाळे इतके दाट होते की द्रावक फारसे आत शिरत नाही. मधला काळ हा सायीचा काळ असतो. आणि ती सूचना त्याच रंगाच्या दुसऱ्या हातासाठी असते, दुसऱ्या जातीच्या रंगासाठी नसते, हे तिथे छापलेले नसते.

या दोन रंगांचे मूळ शोधत गेलो तेव्हा मी आमच्याच शेतात येऊन पोहोचलो, याचा मला आजही आनंद वाटतो. जुना ड्यूको हा नायट्रोसेल्युलोजचा लॅकर. म्हणजे कापसाच्या तंतूवर नत्राम्लाची क्रिया करून मिळवलेला पदार्थ द्रावकात विरघळवलेला. ड्यूपाँ कंपनीने १९२३ साली तो मोटारींसाठी बाजारात आणला आणि जनरल मोटर्सच्या ओकलँड या गाडीचे १९२४चे मॉडेल निळ्या ड्यूकोत दिसू लागले. त्याआधी मोटारीला व्हार्निशचे हात देऊन वाळवण्यात आठवडे जात असत. ते काम काही तासांवर आले. नाव इतके रुजले की आज नायट्रोसेल्युलोजचा थेंबही नसलेल्या रंगकामाला आमच्याकडचे मिस्त्री ड्यूकोच म्हणतात. आणि इनॅमल? त्याच्या राळेत सोयाबीनचे किंवा जवसाचे तेल गुंफलेले असते. जवसाच्या तेलाच्या रेणूत दुहेरी बंध भरपूर असतात, म्हणून ते प्राणवायू पकडते आणि घट्ट होते. याउलट आमच्या अमळनेरात १९४५ साली जी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स कंपनी निघाली, जिची पुढे विप्रो झाली, ती तेव्हा करीत असे त्या वनस्पती तुपात हेच दुहेरी बंध हायड्रोजनने भरून काढलेले असतात. त्या तुपाचा रंग करू म्हटले तर तो वाळण्याची वाट पाहत जन्म जाईल. कपाशी आणि जवस एका बांधाच्या दोन बाजूंना सुखाने उभे राहतात. डब्यात गेल्यावर मात्र त्यांचा क्रम पाळावा लागतो: खाली कपाशी आणि वर जवस चालते, खाली जवस आणि वर कपाशी चालत नाही.

लॅकरवर इनॅमल चालतो, कारण टर्पेंटाइन, ज्याला दुकानात एम.टी.ओ. म्हणतात, ते इतके सौम्य असते की वाळलेल्या लॅकरला त्याची बाधा होत नाही. याचा एक मोठा फायदा असा, की लॅकरच्या रंगावर दारांच्या फटींमध्ये पातळ काळा इनॅमल सोडता येतो आणि जास्तीचा रंग एम.टी.ओ.च्या बोळ्याने पुसून घेता येतो. खालचा रंग हलत नाही. पाण्यात पातळ होणारे ॲक्रिलिक रंग ही तिसरी जात. त्यांत राळेचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात आणि पाणी उडाल्यावर ते एकमेकांना चिकटून थर बनतो. पूर्ण वाळलेल्या कोणत्याही थरावर हे देता येतात. पृष्ठभाग मात्र बारीक पॉलिश पेपरने किंचित मारून घ्यावा लागतो, नाहीतर ते नखाने सोलले जातात. यांच्यावर लॅकरचा क्लिअर द्यायचा असेल तर पहिले दोन-तीन हात इतके हलके हवेत की पृष्ठभाग ओला दिसूच नये, नुसते धुके बसावे. तामियाच्या बाटलीवर ॲक्रिलिक लिहिलेले असते आणि व्हॅलेहोच्या बाटलीवरही ॲक्रिलिकच लिहिलेले असते, पण पहिला अल्कोहोलच्या जातीच्या द्रावकात आहे आणि दुसरा पाण्यात. मिस्टर कलर नावाचा रंगही ॲक्रिलिक राळेचाच, पण त्याचे द्रावक लॅकरचे. ॲक्रिलिक हे राळेचे नाव आहे आणि तंटा द्रावकाचा असतो. बाटलीवरचे मोठे अक्षर न वाचता तिचे थिनर कोणते हे वाचावे, असे मी नव्या मुलांना सांगतो.

चौथी जात टू-केची, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या युरेथेनची. तिच्याकडे मी नंतर येतो. त्याआधी सर्वांत खालचा थर, म्हणजे खुद्द प्लॅस्टिक. त्याला आपण थर समजत नाही, ही आणखी एक चूक.

आमच्या शेतात ठिबक बसवले तेव्हा पाइप जोडणारा मुलगा सॉल्व्हंट सिमेंटचा ब्रश पाइपच्या तोंडावर फिरवी, जोड बसवी आणि काही सेकंद दाबून धरी. त्यात चिकटवण्यापेक्षा विरघळवण्याचा भाग मोठा असतो. दोन्ही पृष्ठभाग मऊ होतात, एकमेकांत शिरतात आणि द्रावक उडाल्यावर दोन पाइपांचा एक पाइप होतो. खानदेशातल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे ठाऊक असते, पण तोच शेतकरी मुलाच्या खेळण्यातल्या मोटारीवर एन.सी. थिनर, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरचे थिनर, मिसळलेला रंग मारतो आणि प्लॅस्टिकवर भेगा आल्या की नवल करतो. संचांतील मोटारींच्या बॉडी बहुधा पॉलिस्टायरिनच्या असतात. एन.सी. थिनरमध्ये टोल्यूइन, ॲसिटोन आणि एस्टर असतात आणि ही मंडळी पॉलिस्टायरिन खातात. छंदासाठी बनवलेले लॅकर त्याच जातीचे असले तरी त्यांचे द्रावक बेताचे ठेवलेले असते, शिवाय हलक्या हाताने मारल्यावर ते प्लॅस्टिकमध्ये मुरण्याआधीच उडून जाते. उलट थोडेसे मुरते म्हणूनच ते घट्ट धरते. मोटारींच्या दुकानातला रंग वापरायचाच असेल तर आधी छंदाच्या प्रायमरचे दोन पातळ हात द्यावेत आणि ते पूर्ण वाळू द्यावेत.

दुसऱ्या टोकाला पॉलिप्रॉपिलीन आहे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या चटया याच प्लॅस्टिकच्या बनतात. चटईवर सांडलेला रंग वाळल्यावर पापडासारखा सुटून येतो. त्याची पृष्ठ-ऊर्जा इतकी कमी असते की रंग त्याला भिजवतच नाही. खेळण्यातल्या गाड्यांचे तळभाग कधी कधी याचेच असतात, आणि त्यांना प्लॅस्टिकसाठीचा खास आसंजक प्रायमर लावल्याशिवाय बाकी सगळी मेहनत व्यर्थ असते. धातूच्या गाड्यांचे, म्हणजे डायकास्टचे, प्रकरण आणखी वेगळे. त्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात आणि उघड्या जस्तावर थेट तेलाचा रंग दिला तर जस्ताची क्षारधर्मी संयुगे तेलाशी क्रिया करून थराखाली चक्क साबण तयार करतात. काही काळाने रंग सबंध पापुद्र्याने निघतो. तिथे धातूला किंचित कोरून धरणारा एच प्रायमर किंवा एपॉक्सी प्रायमर आधी हवाच.

बीटलची बॉडी मी दोन दिवस ब्रेक ऑइलमध्ये बुडवून, जुन्या टूथब्रशने घासून स्वच्छ केली आणि पुन्हा रंगवली. ती कपाटात आहे. पण मला सांगायचे आहे ते दुसऱ्या गाडीबद्दल.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, अमळनेरात एका जिनिंग मालकाकडे बावीस वर्षे ड्रायव्हर होते. गाडी पांढरी अँबॅसेडर. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने २०१४ साली अँबॅसेडर बनवणे थांबवले ती बातमी मी नानांना वाचून दाखवली होती आणि त्यावर ते काही बोलले नव्हते. तिचा संच मला कुठे मिळाला नाही. शेवटी मागे ओढून सोडली की पळणारी खेळण्यातली अँबॅसेडर घेतली आणि तिचे भाग सुटे केले. मिळाली ती लाल होती. रंगवलेली नव्हे, प्लॅस्टिकच लाल. पांढऱ्या रंगाला हरकत कसली, अशा विचाराने मी पांढरा प्रायमर आणि त्यावर पांढरा ॲक्रिलिक लॅकर दिला. संध्याकाळी गाडी पांढरी होती. सकाळी ती फिकट गुलाबी होती आणि चार दिवसांत छताच्या कडांना गुलाबाच्या पाकळीचा रंग आला. लाल रंजकांपैकी, म्हणजे रंग देणाऱ्या पदार्थांपैकी, काही द्रावकात विरघळतात आणि लॅकरचा प्रत्येक ओला हात त्यांना ओढून वर आणतो. वरून पांढरा जितका जास्त द्यावा तितके ते अधिक वर येतात. ब्रेक ऑइलने या बॉडीचा रंग उतरवला आणि मग चांदीचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या चुऱ्याचा, हात मध्ये दिला. त्या चुऱ्याच्या चकत्या कौलांसारख्या एकमेकींवर आडव्या बसतात आणि खालच्या रंजकाची वाट अडवतात. त्यावर पांढरा प्रायमर, त्यावर पांढरा रंग. आज दोन वर्षे झाली, गाडी पांढरी आहे.

मग क्लिअरचा प्रश्न आला आणि त्यावर मी तीन महिने घालवले. इनॅमलचा क्लिअर रसायनदृष्ट्या सुरक्षित होता, कारण खाली लॅकर होता. पण तेलाच्या जातीचा क्लिअर काळाबरोबर पिवळा पडतो, आणि गंमत अशी की उन्हापेक्षा अंधारात अधिक पडतो. म्हणजे काचेच्या कपाटात जपून ठेवलेली पांढरी गाडीच आधी पिवळी व्हायची. काळ्या किंवा गडद हिरव्या गाडीवर ते कळत नाही, पांढऱ्यावर लपत नाही. तेव्हा तो बाद झाला.

टू-के क्लिअरचा मोह मोठा होता. मिस्त्रींकडे तो रोज वापरला जातो. एका डब्यात राळ, दुसऱ्यात हार्डनर; कुठे दोनास एक, कुठे चारास एक असे प्रमाण मापाने मिसळायचे आणि ते भांड्यातच घट्ट होण्याआधी वापरून संपवायचे. यात द्रावक उडते तेही खरे, पण थर टणक होतो तो दोन्ही पदार्थांची आपसात क्रिया होऊन, त्यामुळे एकदा पक्का झाला की त्यावर पेट्रोल सांडले तरी डाग पडत नाही. पूर्ण वाळलेल्या लॅकरवर तो उत्तम बसतो. एकाच जाड हातात काचेसारखी झिलई येते. पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. हा शब्द आपल्याला १९८४ च्या भोपाळमुळे माहीत झाला. हार्डनरमधील रसायन ते नव्हे, मात्र कूळ तेच, आणि त्याचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो. एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की नंतर अत्यल्प मात्राही त्रास देते. त्याला धोक्याची जाणीव करून देईल असा उग्र वासही नसतो, म्हणून साध्या मास्कवर विसंबता येत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो. मिस्त्री तोंडाला रुमाल बांधून काम करतात आणि हिवाळ्यात त्यांचा खोकला चौफुलीपर्यंत ऐकू येतो. त्यांना मी दोनदा मास्क नेऊन दिला. घरात लहान मुले आणि म्हातारी माणसे असताना एका खेळण्याच्या चकाकीसाठी ते रसायन गच्चीवर फवारणे मला मान्य नाही, आणि इतरांनीही ते करू नये असे मला कळकळीने वाटते.

उरला ॲक्रिलिक लॅकरचा क्लिअर; खालच्या रंगाचाच भाऊबंद. भाऊबंद असल्याने तो खालच्या थराला किंचित विरघळवतो आणि त्याच्याशी एकजीव होतो, ही त्याची ताकद. आणि ओला मारला तर रंगाला वाहवतो, नंबरप्लेटच्या डिकॅलला, म्हणजे चिकटवायच्या छापील पट्टीला, चुरगळून टाकतो, हा त्याचा धोका. म्हणून धुक्यासारखे दोन हात, मध्ये अर्धा तास, मग एक हात जेमतेम ओला. त्याहून जास्त नको, याला आणखी एक कारण आहे. खऱ्या मोटारीवरचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. एकास चोवीसच्या गाडीवर आपण ६० मायक्रॉनचा थर दिला तर खऱ्या गाडीच्या मापात तो जवळपास दीड मिलिमीटर होतो. दारांच्या फटी बुजतात, बॉनेटच्या कडा गोल होतात आणि गाडी साखरेच्या पाकात बुडवून काढल्यासारखी दिसते. माझी गाडी चोवीसपेक्षाही लहान, म्हणजे हिशेब आणखी कडक. हेच धातूच्या छटेच्या रंगांचे: खऱ्या मोटारीच्या डब्यातली चमकी छोट्या गाडीवर रांगोळीतल्या भुकटीएवढी दिसते, म्हणून तिथे बारीक दळलेलाच रंग शोधावा लागतो.

हे सगळे जुळल्यावरही खानदेशची हवा आपले म्हणणे मांडतेच. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला की नळीतून निघालेला थेंब गाडीवर पोहोचण्याआधीच अर्धा वाळतो आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो. स्प्रेच्या डब्यांवर ते पन्नास अंशांच्या वर तापू देऊ नयेत असे लिहिलेले असते. उन्हात उभ्या केलेल्या आमच्याकडच्या चारचाकीत तेवढे तापमान सहज होते, म्हणून दुकानातून आणलेला डबा गाडीत विसरू नये. श्रावणात उलटे. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतले पाणी त्यावर धरते आणि क्लिअर दुधाळ होतो. सावकाश उडणारे रिटार्डर थिनर थोडे मिसळले तर यावर इलाज होतो, पण मी पावसाळ्यात क्लिअरला हातच लावत नाही. दिवाळी झाली, भरिताच्या वांग्यांचे ढीग बाजारात दिसू लागले, सकाळच्या हवेत कोरडा गारवा आला की माझा हंगाम सुरू होतो. फरशीवर पाणी शिंपडून धूळ बसवायची, डबा कोमट पाण्यात काही मिनिटे उभा करायचा म्हणजे फवारा बारीक होतो, आणि आधी चमच्यावर मारून पाहायचे.

हा चमचा माझ्या सर्व ज्ञानाचा आधार आहे. प्लॅस्टिकच्या चमच्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली, पण बहिणीच्या लग्नातले उरलेले दोन पुडे माझ्याकडे होते. पांढरे, वाकवले की कट्कन मोडणारे, म्हणजे पॉलिस्टायरिनचेच. त्यांचा फुगीर भाग बॉनेटसारखा असतो. गाडीला जे थर द्यायचे तेच, त्याच क्रमाने, तितक्याच अंतराने आधी चमच्याला द्यायचे आणि पाठीमागे तारीख घालायची. अनोळखी रंगाची जात ओळखायलाही साधी युक्ती आहे. न दिसणाऱ्या जागी थिनरचा बोळा हलकेच टेकवावा. अल्कोहोलनेच रंग सुटला तर तो बहुधा ॲक्रिलिक, एन.सी. थिनरने लगेच मऊ झाला तर लॅकर, फुगून सुरकुतला तर इनॅमल, आणि काहीच झाले नाही तर टू-के. माझ्याकडे असे एकशे चाळीसच्या वर चमचे आहेत आणि त्यांपैकी सुरकुतलेले मी मुद्दाम जपून ठेवले आहेत.

अँबॅसेडरला क्लिअर दिल्यावर मी ती चार आठवडे झाकणाच्या डब्यात ठेवली. लॅकरला इतके दिवस लागत नाहीत, तरी थरांत अडकलेले द्रावक हळूहळू सुटत राहते आणि तोवर पॉलिश केले तर नंतर थर बसतो आणि खालच्या खरवडी वर दिसू लागतात. दर रविवारी झाकण उघडून मी मिस्त्रींसारखा वास घ्यायचो. पाचव्या रविवारी काहीच वास आला नाही. मग दोन हजार आणि तीन हजार नंबरचे पेपर पाण्यात भिजवून, कडा सोडून, रबिंग कंपाउंडने घासून तिला पूर्ण झिलई आणली. खिडकीची चौकट तिच्या छतात स्पष्ट दिसत होती.

नाना आता ऐंशीच्या घरात आहेत. मी गाडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिच्या बॉनेटवरून अंगठा फिरवला, पुढची जाळी पाहिली, मागच्या काचेतून आत डोकावले. बराच वेळ गेला. मग म्हणाले, “आपली गाडी इतली चमके नही.”

ते खरे होते. त्या काळच्या त्या गाडीवर वेगळा क्लिअर कोट नव्हताच. एकच रंग, तोच वरचा आणि तोच खालचा. नाना सांगू लागले, की रोज सकाळी साध्या पाण्याने धुवायची, आठवड्यातून एकदा मालकांनी मुंबईहून आणलेल्या डबीतले मेण लावायचे आणि जुन्या धोतराच्या फडक्याने पुसायची. तिला चमक होती ती चिंचेने घासून पुसलेल्या पितळी तांब्यासारखी, पाण्यासारखी नव्हे. आणि बॉनेटपेक्षा छप्पर जरा मंद, कारण ते उन्हात जास्त राही आणि त्यांचा हात तिथे कमी पोचे. बावीस वर्षांत मालकांच्या गाडीबद्दल ते इतके सलग माझ्याशी कधी बोलले नव्हते.

त्या रात्री मी पुन्हा तीन हजारचा पेपर भिजवला आणि छपरावरची झिलई हलकेच उतरवली. बॉनेटवर फक्त कंपाउंडचा शेवटचा हात उलट्या कापडाने फिरवला. सकाळी नानांनी गाडी उजेडात नेली, तिरपी धरून पाहिली आणि स्वतःचे धुतलेले धोतर काढून त्याचा कोपरा तिच्यावर फिरवत बसले.